धुराड्याची चूल

लाकडाच्या चुलीला धुराडे जोडून ती घरात बसवणे हे वरवर पाहता गवंड्याचे किंवा कुंभाराचे काम वाटते. परंतु त्यात हवा, आच, माती, सरपण आणि घरातल्या माणसांच्या सवयी यांचा मेळ घालावा लागतो, आणि यांपैकी एकाकडे जरी दुर्लक्ष झाले, तरी चूल एक तर धुमसत राहते, नाही तर दोन पावसाळ्यांत कोपऱ्यात मोडून पडते. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतो, कारण तेथे थंडी कडक आहे, जंगल आणि कापसाची शेती यांमुळे सरपण हाताशी आहे, आणि धुराड्याच्या चुलीचे विसाव्या शतकातील दोन महत्त्वाचे भारतीय प्रयोग जेथे झाले, ती वर्धा आणि हैदराबाद ही शहरे या जिल्ह्याच्या उत्तरेस आणि दक्षिणेस आहेत.

आदिलाबाद पूर्वी हैदराबाद संस्थानात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे त्याचे मराठीबहुल भाग तत्कालीन मुंबई राज्याकडे गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. पुढे तेलंगणा वेगळे राज्य झाल्यावर २०१६ मध्ये त्याचेही चार जिल्हे झाले. पैनगंगा ही सीमा ठरली, तरी नदीच्या दक्षिण तीरावरच्या गावांत मराठी बोलणे थांबले नाही, आणि गोंड, कोलाम, आंध अशा समाजांच्या घरांतही मराठी ये-जा करीत राहिली. म्हणूनच चूल, औल, फुंकणी, भानोशी, सरपण, पऱ्हाटी हे शब्द या भागात परके नाहीत. औल म्हणजे मुख्य चुलीच्या बाजूचे दुसरे तोंड, ज्यावर मागच्या आचेने आमटी किंवा दूध गरम राहते. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली वाळकी झाडे, जी येथे कित्येक घरांत हिवाळाभर चुलीत जातात.

आदिलाबाद शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २६४ मीटर उंचीवर आहे, म्हणजे ते काही थंड हवेचे ठिकाण नव्हे. तरीही डिसेंबर-जानेवारीत तेलंगणातील सर्वांत कमी तापमानाच्या नोंदींत या भागातील गावे वारंवार येतात आणि पारा दहा अंशांच्या खाली उतरणे तेथे नवलाचे राहिलेले नाही. समुद्र दूर असल्याने हवा कोरडी असते, आभाळ निरभ्र असते, आणि दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता ढगांच्या आडकाठीवाचून आकाशात सोडून देते. अशा रात्री जोंधळ्याच्या शेतात रानडुकरांची जागल करणाऱ्या माणसाची गवती खोप, किंवा उटनूरच्या पठारी भागातील कुडाच्या भिंतींचे घर, यांना अन्न शिजवणाऱ्या चुलीइतकीच ऊब देणाऱ्या चुलीची गरज असते. ही दुसरी गरज चूल सुधारणाऱ्या बहुतेक योजनांनी हिशेबातच घेतली नाही, आणि त्यांच्या अपयशाचे एक मोठे कारण तेथेच आहे.

तीन दगडांची किंवा मातीच्या नालाकार कठड्याची उघडी चूल धूर का करते, हे समजून घेण्यासाठी लाकूड जळते म्हणजे नेमके काय होते ते पाहिले पाहिजे. लाकूड थेट जळत नाही. आधी त्यातले पाणी वाफ होऊन निघून जाते. मग अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे लाकूड विघटित होऊ लागते आणि त्यातून ज्वलनशील वायू व डांबरासारख्या द्रव्यांची वाफ बाहेर पडते. ही वाफ पुरेशा उष्ण जागी पुरेशा हवेला भेटली, की ज्वाळा उठते, आणि शेवटी जो कोळसा उरतो तो निखारा होऊन जळतो. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग या वायुरूपात निघून जातो. हे वायू थंड भांड्याच्या बुडाला किंवा गार हवेच्या झोताला लागून जळण्याआधीच निवले, तर तोच धूर. म्हणजे धूर हे न जळलेले सरपण होय. ज्या घरात फार धूर होतो त्या घराचे सरपणही जास्त जाते, हा बायकांचा अनुभव रसायनशास्त्राला धरूनच आहे.

ओल्या लाकडाचे तसेच. नुकत्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते, तर उन्हात नीट वाळवलेल्या लाकडात ते पंधरा ते वीस टक्क्यांवर येते. पाणी उकळून घालवण्यात काही उष्णता खर्च होतेच, पण त्याहून मोठे नुकसान असे, की चुलीच्या पोटातील तापमान खाली येते, वायू पेट घेत नाहीत आणि ते धुराड्याच्या थंड भिंतीवर डांबरासारखे चिकटतात. धावडा किंवा बाभळीचे जड लाकूड फोडून, एक उन्हाळा वाळवून वापरले तर जाळ टिकतो. पऱ्हाटी आणि तुराटी भुरभुर पेटतात, झपकन मोठी आच देतात आणि तितक्याच लवकर संपतात, म्हणून पऱ्हाटीवर चालणाऱ्या चुलीपाशी कोणीतरी सतत बसून काड्या सारत राहावे लागते.

धुराड्याचे काम नळीतून धूर जाऊ देण्यापुरते नसते. ते चुलीला श्वास घेण्यास भाग पाडते. वीस अंशांच्या हवेचे वजन दर घनमीटरला सुमारे १.२ किलो असते, आणि तीच हवा दोनशे अंशांपर्यंत तापली की ते सुमारे ०.७५ किलोवर येते. तीन मीटर उंचीच्या धुराड्यात अशी तापलेली हवा भरलेली असेल, तर आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या स्तंभांतील वजनाच्या फरकामुळे सुमारे तेरा पास्कल इतका दाब निर्माण होतो, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर पाण्याच्या थराएवढा. इतक्या क्षुल्लक ताकदीवर सारा कारभार चालतो. त्यामुळे भांडे नीट बसलेले नसेल आणि चुलीच्या तोंडाऐवजी त्याच्या कडेच्या फटीतून हवा आत शिरली, नळीला दोन काटकोनी वळणे दिली, किंवा तिच्या आत काजळी चढली, तर ओढ मरते आणि धूर पुन्हा घरात येतो. दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळीत चहूबाजूंनी एक सेंटिमीटर काजळी बसली, तर धुराची वाट छत्तीस टक्क्यांनी अरुंद होते.

हे तत्त्व युरोपातील आणि अमेरिकेतील थंड प्रदेशांत जुनेच होते; बेंजामिन फ्रँकलिनने १७४० च्या दशकात लोखंडी शेगडीवजा चुलीची रचना केली, ती खोली गरम करण्यासाठी. भारतात मात्र हा प्रश्न स्वयंपाकघरातून पुढे आला. वर्ध्याच्या मगनवाडीत, जेथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली १९३४ पासून चालत होते, तेथे मगनचूल तयार झाली. मगनवाडीप्रमाणेच तिच्याही नावात मगनलाल गांधी यांची स्मृती आहे. मातीची, एकाहून अधिक भांडी एकाच जाळावर ठेवता येतील अशी आणि धुराडे असलेली ही चूल खेड्यातील बाईला पैसे न खर्चता घालता यावी, अशी त्यामागची दृष्टी होती. दक्षिणेकडे हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी काटकोनात वळणारा, तीन भांड्यांचा आणि धुराड्यात ओढ कमी-जास्त करणारी पत्र्याची झडप बसवलेला आराखडा केला, आणि १९५३ मध्ये निर्धूर स्वयंपाकघरावर इंग्रजी पुस्तिकाही लिहिली. प्रयोगशाळेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या चुलीला ‘हर्ल’ चूल म्हणत. अभियंत्याने धरणे-रस्ते सोडून चुलीकडे पाहावे, हे त्या काळी थोडे नवलाचे होते. आजही ते फारसे घडत नाही.

अशी चूल आदिलाबादच्या घरात बसवायची, तर पहिला अडथळा पायाखालच्या मातीचा येतो. या जिल्ह्यातील कापसाची काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते, कारण तिच्यातील चिकणमातीचे सूक्ष्म पापुद्रे पाणी शोषून एकमेकांपासून दूर सरतात. त्या मातीची चूल चार दिवसांत तडकते आणि प्रत्येक तडा म्हणजे हवेची चोरवाट. म्हणून चुलीसाठी वारुळाची माती, किंवा गावाबाहेरच्या पांढरीची वा लाल माती घ्यावी, तीत बारीक भुसा किंवा धानाचा कोंडा आणि शेण मिसळून ती दोन-तीन दिवस भिजत ठेवावी व पायाने तुडवावी. भुसा जळून गेला की मातीत बारीक पोकळ्या राहतात आणि त्या उष्णता अडवून धरतात. चुलीचे तोंड आपल्या भांड्याला आणि आपल्या सरपणाच्या जाडीला साजेल इतकेच ठेवावे. मोठे तोंड म्हणजे जास्त लाकूड आणि थंड हवेचा जास्त झोत. भांड्याचे बूड आणि जाळ यांतील अंतर चार बोटांनी चुकले तरी चुलीचे काम बिघडते, म्हणून पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने पुढे कुंभारांना लोखंडी साचे देण्याचा मार्ग धरला, तो योग्यच होता. हाताच्या अंदाजावर सोडलेल्या चुली गावागणिक बदलत जातात.

दुसरा अडथळा छपराचा. कौलारू घरात धुराडे वर काढणे सोपे असते, पण गवती खोपीत तापलेली पत्र्याची नळी गवतातून नेणे म्हणजे आग लावण्याची तयारी. एकेरी पत्र्याच्या नळीपासून गवत, बांबू किंवा लाकडी वासा निदान ४५ सेंटिमीटर दूर असावा, हा थंड देशांतील नियम येथेही पाळण्याजोगा आहे. खोपीत त्याहून बरी युक्ती अशी, की नळी मातीने जाड लिंपलेल्या भिंतीतून बाहेर काढावी आणि भिंतीबाहेर सरळ वर चढवावी. छपराच्या वर ती किमान तीन फूट निघाली पाहिजे, नाही तर छपरावरून उतरणारा वारा धूर परत आत ढकलतो. टोकाला पावसासाठी टोपी हवी, पण ती नळीच्या तोंडापासून थोडी उंच असावी, आणि खाली वळणाच्या जागी काजळी खरवडून काढण्यासाठी झाकणाचे भोक ठेवावे. हे भोक पुष्कळदा विसरले जाते, आणि त्याचीच किंमत पुढे मोजावी लागते. ऊब हवी असेल, तर बाहेर चढण्याआधी नळीचा निदान एक मीटर भाग घरातच उभा ठेवावा, कारण तापलेला पत्रा खोलीला जी उष्णता देतो ती जाड मातीच्या चुलीकडून तितक्या लवकर मिळत नाही. मातीची चूल उशिरा तापते आणि उशिरा निवते. लोखंड झटकन तापते आणि झटकन गार होते. जागलीच्या माणसाला पहाटे तीन वाजता आच विझल्यावरही पाठ शेकायची असते, म्हणून त्याच्यासाठी पत्र्याची नळी आणि मातीचे पोट हा मिश्र घाट उत्तम.

चूल घालून झाली की ती लगेच पेटवू नये. आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्यावी, मग रोज थोडा वेळ काड्यांचा हलका जाळ करून तिच्या अंगातील पाणी हळूहळू घालवावे, भेगा दिसतील तेथे पोतेरे फिरवावे आणि मगच पूर्ण आच द्यावी. पहिला मोठा जाळ हा साहजिकच घरचा सोहळा असतो. नव्या चुलीला हळद-कुंकू लावून दूध उतू जाऊ देण्याची रीत मराठी घरांत आहेच, आणि त्या दिवशी शेजारपाजारचे आले, की चुलीची खरी परीक्षा होते, कारण मोठ्या पातेल्याखाली सलग तीन तास जाळ चालला की ओढ कशी आहे आणि धूर कोठून गळतो, हे कोणत्याही मोजयंत्राशिवाय कळते. खेड्यांत ‘चूलबंद’ आमंत्रण म्हणतात, त्याचा अर्थच असा, की पाहुण्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटू नये, लहानथोर सर्वांनी यजमानाच्या चुलीवर जेवावे. वेगळी चूल मांडणे म्हणजे वेगळे होणे आणि चूल बंद ठेवणे म्हणजे एकत्र येणे, असा हा मराठीतला हिशेब आहे.

आदिलाबादच्या गोंड समाजात हा हिशेब फार मोठ्या प्रमाणावर मांडलेला दिसतो. दिवाळीच्या दिवसांत दंडारीची पथके नाचत एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. ही दंडारी म्हणजे विदर्भातील दंडार या लोकनाट्याहून वेगळी गोष्ट आहे. मोरपिसांचा मोठा मुकुट घातलेले गुसाडी नर्तक तिच्यात पुढे असतात, आणि सारे पथक ज्या गावी जाते त्या गावाने त्याला जेवू घालायचे असते. गुसाडी नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळालेले कनक राजू मारलवाईचे होते. याच मारलवाईत १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ राहिले आणि तेथील केंद्रात गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. मारलवाई आता कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते.

त्याहून अधिक नेमके उदाहरण आदिलाबाद जिल्ह्यातच, इंद्रवेल्ली मंडलातील केस्लापूर येथे आहे. पौष अमावास्येला, म्हणजे ऐन थंडीत, तेथे मेसराम कुळाच्या नागोबाची जत्रा भरते. गोदावरीचे पाणी पायी आणले जाते, विधीला लागणारी मडकी सिरिकोंड्याच्या एका कुंभार घराण्याकडून येतात, आणि कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट घडवली जाते. मेसराम कुटुंबांचा मुक्काम आणि स्वयंपाक मंदिराजवळच्या गोवाड नावाच्या भिंतबंद आवारात असतो. कुटुंबे कितीही वाढली, तरी या आवारात चुली बावीसच पेटतात, कारण कुळाच्या शाखा बावीस मानल्या आहेत. त्यामुळे त्याच चुलींवर घरामागून घर आळीपाळीने रांधते. चूल ही मालकीची वस्तू न राहता नात्याचे मोजमाप कशी होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. याच जत्रेत १९४२ पासून हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने अधिकाऱ्यांचा दरबार भरू लागला, कारण गोंड नेते कुमुरम भीम यांच्या १९४० मधील लढ्यानंतर निजामाच्या राजवटीला या लोकांचे म्हणणे ऐकणे भाग पडले होते.

हे सगळे पाहिल्यावर सरकारी सुधारित चुलींचे काय झाले, हे समजणे सोपे जाते. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून २००२ पर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या, आणि त्यांतील पुष्कळ थोड्याच वर्षांत मोडल्या किंवा वापरातून गेल्या. ओडिशात चार वर्षे चाललेल्या एका अभ्यासात असे आढळले, की धुराड्याच्या चुलीने पहिल्या वर्षी धूर कमी झाला खरा, पण नंतर तो लाभ उरला नाही, कारण लोकांनी चुलींची डागडुजी केली नाही आणि त्या नियमित वापरल्याही नाहीत. यावरून लोकांना आरोग्याची पर्वा नाही असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे ठरेल. जुन्या उघड्या चुलीचा धूर छपरातील बांबूला कीड लागू देत नसे, चुलीवरच्या माळ्यावर टांगलेली मक्याची कणसे बियाण्यासाठी राखत असे, आणि तिच्या जाळाभोवती सारे घर शेकत असे; नव्या चुलीने आच मातीत कोंडली, नळीतून बाहेर घालवली, आणि बाईला सांगितले की हे सुधारलेले आहे. हिवाळ्यात शेकायला जाळ दिसत नाही म्हणून चुलीचे तोंड फोडून मोठे केले गेले, तर दोष कोणाचा?

याचा अर्थ धूर चांगला असा मात्र कदापि नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातील धुराची मोजणी केली, तेव्हापासून या विषयावर शंकेला जागा राहिलेली नाही. घरातील धुरामुळे जगात २०२० मध्ये ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गॅस हा यावरचा सर्वांत चांगला उपाय आहे, आणि १९९९ च्या दीपम योजनेपासून २०१६ च्या उज्ज्वला योजनेपर्यंत तो येथे पोचलाही आहे. तरी पहाटेचे आंघोळीचे पाणी, जोंधळ्याच्या भाकरी आणि सणाचे मोठे रांधप चुलीवरच होते, कारण पऱ्हाटी फुकट आहे आणि सिलिंडर नाही. जोवर हे असे आहे, तोवर चूल चांगली असणे हे मागासलेपणाचे लक्षण ठरत नाही.

एका सवयीबद्दल मात्र तडजोड करू नये. थंडीच्या रात्री निखाऱ्यांची घमेली बंद खोलीत ठेवून झोपणे जिवावर बेतते. निखाऱ्यातून धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन वायू निघतो. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. निखारे ठेवायचे असतील तर ते धुराड्याच्या चुलीतच ठेवावेत, आणि झडप पूर्ण बंद करू नये. धुराड्याची काजळी वर्षातून निदान दोनदा काढावी लागते. आदिलाबादच्या घरांत दिवाळीपूर्वी, दंडारी येण्याच्या आधी, भिंती सारवल्या जातातच, तेव्हा त्याच दिवशी लांब बांबूच्या टोकाला नारळाची किशी बांधून नळी वरून खाली घासावी, खालच्या भोकातून काजळी काढावी आणि ते भोक ओल्या मातीने पुन्हा लिंपून टाकावे.